यूपीएस घेतलीत, आता खातेउतारा वाचा

केंद्र सरकारच्या कुठल्याही कार्यालयात यूपीएसचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘निम्मा पगार पेन्शन म्हणून मिळणारच आहे.’ ते मिळतं, पण त्यातलं ‘मिळणारच’ कोणत्या अटींवर खरं ठरतं, हे फार थोड्यांनी तपासलेलं असतं. जुन्या पेन्शनमध्ये तपासायची तशी गरजही नव्हती. नोकरी धड झाली आणि सेवापुस्तक पूर्ण असलं, की पेन्शनचा आकडा कार्यालयच काढायचं. एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे यूपीएसमध्ये, तो आकडा तुमच्या स्वतःच्या खात्याशी बांधलेला आहे. खात्यात राहिलेली तूट पेन्शनमध्ये उतरते आणि मग दर महिन्याला सोबत राहते. म्हणून हे काम निवृत्तीच्या कागदपत्रांबरोबर करायचं नाही, आज नोकरीत असतानाच करायचं आहे.

मागचा धागा थोडक्यात पाहू. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत आलेल्यांना (सैन्यदलं वगळून) जुनी पेन्शन बंद झाली आणि राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, लागू झाली. कर्मचाऱ्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे १० टक्के कापायचे, सरकारने तेवढेच घालायचे आणि ती रक्कम बाजारात गुंतवायची, अशी ती व्यवस्था. १ एप्रिल २०१९ पासून सरकारचा वाटा १४ टक्के झाला. निवृत्तीला जमा रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत हातात घ्यायची आणि किमान ४० टक्क्यांची वार्षिकी विकत घ्यायची. त्या वार्षिकीतून जे येईल ते पेन्शन. त्यात किमान रकमेची हमी नव्हती आणि महागाई वाढली म्हणून वाढणारं काही नव्हतं. कर्मचारी संघटनांनी वर्षानुवर्षं हेच मांडलं. मग टी. व्ही. सोमनाथन समिती नेमली गेली, २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने यूपीएसला मंजुरी दिली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती एनपीएसच्याच चौकटीत एक पर्याय म्हणून सुरू झाली.

पर्याय देण्याची मुदत आधी ३० जून, मग ३० सप्टेंबर आणि शेवटी ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत वाढवली. पात्र कर्मचारी सुमारे २३ लाख असताना सव्वा लाखाच्या आसपास लोकांनीच यूपीएस घेतली. जे थांबले त्यांना मी चूक म्हणणार नाही, का, ते पुढे येईलच. पण ज्यांनी घेतली, त्यांतल्या अनेकांनी ती ‘जुनी पेन्शन परत आली’ असं समजून घेतली आहे. ही समजूत आधी दुरुस्त करायला हवी.

आकडा कसा निघतो

शेवटच्या १२ महिन्यांच्या मूळ पगाराची सरासरी काढायची आणि तिचा निम्मा भाग घ्यायचा. महागाई भत्ता यात धरत नाहीत, तो पेन्शन सुरू झाल्यावर महागाई सवलत म्हणून वेगळा मिळतो. हा पूर्ण निम्मा भाग मिळण्यासाठी अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा किमान २५ वर्षं, म्हणजे ३०० महिने हवी. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात पेन्शन कमी होते. १० वर्षं सेवा पूर्ण असेल तर किमान १०,००० रुपये महिना, तेही खात्याची अट पुरी झाली तर. १० वर्षांच्या आत निवृत्ती आली तर हमीची पेन्शन नाही.

आता ती खात्याची अट. यूपीएसमध्ये तुमच्या नावावर एक वैयक्तिक निधी असतो. त्यात तुमचे १० टक्के आणि सरकारचे १० टक्के जमा होतात. याशिवाय सरकार सुमारे साडेआठ टक्के एका सामाईक निधीत घालतं. तो सगळ्यांचा मिळून असतो, त्यावर एकट्याचा हक्क नसतो. तुमच्या वैयक्तिक निधीच्या शेजारी कागदावर आणखी एक आकडा चालत असतो, त्याला मानक निधी म्हणू. तुमचं प्रत्येक महिन्याचं योगदान वेळेवर जमा झालं असतं, मधे एक रुपयाही काढला नसता आणि पैसे ठरवून दिलेल्या पद्धतीनेच गुंतवले असते, तर आज खात्यात जे असतं ते म्हणजे मानक निधी. प्रत्यक्ष निधी त्याच्याइतका असेल तर पूर्ण हमी, कमी असेल तर जितका कमी तितकी पेन्शन कमी. जास्त असेल तर वरची रक्कम तुम्हाला परत मिळते.

एका उदाहरणाने पाहू. समजा, टपाल खात्यातल्या एक ताई २० वर्षं ६ महिन्यांच्या सेवेनंतर निवृत्त होत आहेत. वर्षभराचा सरासरी मूळ पगार ६०,००० रुपये. त्याचा निम्मा ३०,०००. सेवा २४६ महिने, म्हणून ३०,००० गुणिले २४६ भागिले ३००, झाले २४,६००. कार्यालयात बहुतेक जण इथेच थांबतात. पण ताईंनी मुलीच्या शिक्षणासाठी मधे खात्यातून पैसे काढले होते आणि बदलीच्या काळातलं काही महिन्यांचं योगदान जमाच झालं नव्हतं. मानक निधी ४० लाख निघाला आणि प्रत्यक्ष निधी ३६ लाख. म्हणजे दहाला नऊ. पेन्शन झाली २२,१४० रुपये. दरमहा २,४६० रुपयांची घट, आणि त्यावर पुढे मिळाली असती ती महागाई सवलतही गेली.

ही तूट भरून काढायची सोय नियमात आहे. कमी पडणारे ४ लाख ताई स्वतः भरू शकतात. महागाई सवलत न धरताही ते पैसे साडेतेरा वर्षांत वसूल होतात, सवलत धरली तर त्याच्या आधीच, शिवाय पुढे जोडीदारालाही त्या वाढीव पेन्शनचे ६० टक्के मिळतात. तब्येत बरी असेल आणि जोडीदार वयाने लहान असेल, तर तूट भरणं बहुधा फायद्याचंच ठरतं. पण निवृत्तीच्या महिन्यात ४ लाख उभे करणं कुणालाही जड जातं. म्हणूनच तूट लवकर दिसायला हवी.

उताऱ्यात काय बघायचं

प्राण क्रमांकाने, म्हणजे तुमच्या पेन्शन खात्याच्या क्रमांकाने, खात्यात शिरून व्यवहारांचा उतारा काढा आणि पगाराच्या पावत्या शेजारी ठेवा. दर महिन्याला दोन नोंदी दिसायला हव्यात, तुमची आणि सरकारची. पावतीवर कपात दिसते पण उताऱ्यात जमा दिसत नाही, असा महिना सापडला की तो वहीत लिहा. हे महिने कुठे सापडतात, ते ठरलेलं आहे. बदली झाली, आहरण-वितरण अधिकारी बदलला, त्या वेळचे दोन-तीन महिने. महागाई भत्त्याची किंवा पदोन्नतीची थकबाकी एकरकमी मिळाली, तेव्हाची कपात. प्रतिनियुक्तीचा काळ. आणि जे २००४ ते २००८ च्या सुमारास भरती झाले, त्यांची अगदी सुरुवातीची वर्षं, कारण तेव्हा केंद्रीय नोंदणी व्यवस्था नुकतीच उभी राहत होती आणि जुनी रक्कम नंतर चढवावी लागली.

यादी तयार झाली की आस्थापना शाखेत तोंडी सांगून येऊ नका. महिना, कापलेली रक्कम, पावतीची प्रत, असं लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. कार्यालयाच्या दिरंगाईने योगदान उशिरा जमा झालं असेल, तर त्याची भरपाई कर्मचाऱ्याला मिळावी अशी तरतूद २ सप्टेंबर २०२५ ला अधिसूचित झालेल्या यूपीएसच्या सेवा नियमांत आहे. ती मागण्यासाठी पोच लागते. शाखेतला माणूस बदलतो, पोच टिकते.

बिनपगारी रजा घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ती रजा अर्हताकारी सेवेत धरली आहे की नाही, याची सेवापुस्तकात स्पष्ट नोंद हवी. वैद्यकीय कारणाने घेतलेली रजा आणि इतर कारणाने घेतलेली रजा यांचा हिशेब वेगळा होतो. सेवा २५ वर्षांच्या काठावर असेल तर तीन-चार महिन्यांच्या रजेची नोंदसुद्धा पेन्शन हलवते.

मधे पैसे काढण्याची मुभा एनपीएसप्रमाणे इथेही आहे : स्वतःच्या योगदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत, संपूर्ण नोकरीत तीन वेळा, आजारपण, शिक्षण, घर, लग्न अशा ठरलेल्या कारणांसाठी. मोठा फरक असा की एनपीएसमध्ये काढलेला पैसा फक्त निधी कमी करतो, इथे तो हमीच कमी करतो. घरात खरी निकड असेल तर काढा, त्यासाठीच ती सोय आहे. पण काढलेली रक्कम परत भरण्याची तारीखही त्याच दिवशी ठरवा.

गुंतवणुकीचा पर्याय बदलण्याचा मोहही जपूनच. ठरवून दिलेल्या पद्धतीतच पैसे ठेवले तर मानक निधी आणि तुमचा निधी एकाच चालीने वाढतात. वेगळा पर्याय निवडून जास्त मिळवलंत तर वरचं तुमचं, कमी पडलं तर तूटही तुमचीच. निवृत्तीला पाच-सात वर्षं उरली असतील तर मी तरी ठरलेल्या पद्धतीतून हलायला सांगणार नाही.

निवृत्तीच्या दिवशीची रक्कम

इथे दोन गोष्टींची गल्लत हमखास होते. पहिली म्हणजे ठोक रक्कम : सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांमागे शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याचा दहावा हिस्सा. वरच्या ताईंचा पगार भत्त्यासकट ९०,००० धरला तर ४१ सहामाह्यांचे ९,००० प्रमाणे ३,६९,००० रुपये. ही रक्कम घेतल्याने पेन्शन एका पैशानेही कमी होत नाही. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे वेगळे मिळतात. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख आहे.

दुसरी गोष्ट वैयक्तिक निधीतून ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढण्याची. ही मात्र पेन्शनला थेट लागते. ताईंनी ३६ लाखांतले ३० टक्के, म्हणजे १०,८०,००० रुपये घेतले, तर पेन्शन २२,१४० वरून १५,४९८ वर येते. जोडीदाराला मिळणारी पेन्शनही १३,२८४ वरून ९,२९९ पर्यंत खाली येते. जुन्या पेन्शनमध्ये अंशराशीकरण केलं, म्हणजे पेन्शनच्या काही भागाऐवजी एकरकमी पैसे घेतले, तर कापलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत व्हायचा. इथे कापलेला भाग परत येत नाही. डोक्यावर जास्त व्याजाचं कर्ज असेल तर काढण्याला अर्थ आहे. मुलाच्या लग्नासाठी किंवा गावाकडच्या घरावर मजला चढवण्यासाठी काढताना नवरा-बायकोने हे दोन्ही आकडे कागदावर मांडून बोलावं. बायकोच्या म्हातारपणाचा निर्णय तिला न विचारता होऊ नये.

कुटुंबाला काय मिळतं

कुटुंबाचा भाग सगळ्यांत कमी बोलला जातो आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. निवृत्तीनंतर पेन्शनधारक गेला तर त्याला मिळत असलेल्या पेन्शनचे ६० टक्के जोडीदाराला मिळतात, वर महागाई सवलत. पण जोडीदार म्हणजे निवृत्तीच्या तारखेला कायद्याने विवाहित असलेला जोडीदार. जुन्या पेन्शनमध्ये पुढे मुलांना, दिव्यांग अपत्याला, काही परिस्थितीत आईवडिलांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असे. यूपीएसच्या हमीत ती साखळी नाही. आणि नवरा-बायको दोघंही गेल्यावर निधीतलं काही वारसांकडे येत नाही, कारण निवृत्तीला तो सामाईक निधीत वर्ग झालेला असतो.

एनपीएसमध्ये राहिलेल्यांचं पारडं इथे जड आहे. सरकारचा वाटा १४ टक्के, सगळा निधी स्वतःच्या नावावर, ६० टक्के हातात. वार्षिकी घेताना जोडीदाराला हयातभर आणि त्यानंतर खरेदी किंमत वारसांना परत, असा प्रकार निवडता येतो. महिन्याची रक्कम थोडी कमी येते, पण मूळ पैसा कुटुंबात राहतो. अविवाहित असलेले, जोडीदार गमावलेले आणि विशेषतः ज्यांच्या घरी आयुष्यभर आधार लागणारं दिव्यांग अपत्य आहे, अशांनी हा फरक नीट तोलायला हवा. यूपीएस घेतलेल्यांपैकी कुणी या परिस्थितीत असेल तर परतीचा दरवाजा अजून उघडा आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

नोकरीत असताना मृत्यू आला किंवा अपंगत्वामुळे नोकरी सोडावी लागली, तर मात्र जुन्या पेन्शनच्या नियमांप्रमाणे लाभ घेण्याचा पर्याय एनपीएस आणि यूपीएस दोन्हींतल्या कर्मचाऱ्यांना आहे. मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन जुन्या नियमांनी मिळतं, सरकारने घातलेला वाटा सरकारकडे परत जातो आणि उरलेली रक्कम वारसाला मिळते. हा पर्याय आधी लिहून द्यायचा एक नमुना असतो. अनेकांच्या सेवापुस्तकात तो कोरा आहे. भरून द्या, सेवापुस्तकात त्याची नोंद झालेली स्वतः पाहा आणि घरी सांगा. नामनिर्देशनही त्याच वेळी तपासा. नोकरी लागली तेव्हा आईचं नाव लावलेलं असतं आणि लग्नानंतर ते बदलायचं राहून जातं.

मधेच नोकरी सोडायची असेल तर

२० वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पण पेन्शन लगेच सुरू होत नाही. ज्या तारखेला वयोमानाने निवृत्त झाला असता, त्या तारखेपासून ती सुरू होते आणि सेवेच्या प्रमाणात मिळते. पन्नाशीत बाहेर पडणाऱ्याला साठीपर्यंत दुसरी मिळकत लागेल. ग्रॅच्युइटी, ठोक रक्कम, निधीतून काढता येणारा भाग आणि रजेचे पैसे मात्र बाहेर पडतानाच मिळतात. पेन्शन सुरू होण्याआधी मृत्यू झाला तर जोडीदाराची पेन्शन मृत्यूच्या तारखेपासून सुरू होते.

राजीनामा, बडतर्फी किंवा सेवेतून काढून टाकणं यांत हमीची पेन्शन नाही. रेल्वेत किंवा टपालात असताना राज्यसेवेची तयारी करणारी, बँकेची परीक्षा देणारी कितीतरी मुलं-मुली आहेत. दुसरी सरकारी नोकरी मिळाली तर आधी रीतसर परवानगी आणि मगच तांत्रिक राजीनामा, एवढं पक्कं लक्षात ठेवा. साधा राजीनामा देऊन नंतर कागद जुळवत बसायची वेळ येऊ देऊ नका. नव्याने केंद्राच्या नोकरीत रुजू होणाऱ्यांना यूपीएस हवी असेल तर रुजू झाल्यापासून ३० दिवसांत पर्याय द्यावा लागतो, नाहीतर एनपीएस.

महाराष्ट्राच्या राज्य कर्मचाऱ्यांनी हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांचा प्रवास वेगळा आहे. मार्च २०२३ मध्ये संप झाला, सुबोधकुमार समिती नेमली गेली, राज्याने १ मार्च २०२४ ला स्वतःची सुधारित योजना जाहीर केली आणि २५ ऑगस्ट २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची यूपीएस राज्यात लागू करण्याला मान्यता दिली. दोन्हींच्या अटी आणि पर्यायाच्या मुदती राज्याच्या शासन निर्णयांतूनच वाचायच्या. उतारा आणि पगाराच्या पावत्या जुळवण्याचं काम मात्र त्यांनाही तेवढंच लागू आहे, कारण त्यांचंही खातं योगदानावरच उभं आहे.

परतीचा दरवाजा

यूपीएस घेतलेल्यांना एकदाच एनपीएसमध्ये जाता येतं. गेल्यावर पुन्हा यूपीएसमध्ये येता येत नाही. वयोमानाच्या निवृत्तीला किमान एक वर्ष असताना, किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या तारखेआधी तीन महिने, हा निर्णय कळवायला हवा. गेल्यावर एनपीएसचे बाहेर पडण्याचे नियम लागू होतात. मधल्या काळात सरकारने एनपीएसमध्ये ४ टक्के जास्त घातले असते, तो फरक ठरलेल्या गुंतवणुकीच्या हिशेबाने बाहेर पडताना खात्यात जमा होतो. विभागीय चौकशी चालू असेल किंवा व्हायच्या बेतात असेल, तर ही सोय मिळत नाही. शिक्षा म्हणून सक्तीने निवृत्त केलेल्यांनाही ती नाही.

निवृत्ती ३१ मे २०२८ ला असेल, तर ३१ मे २०२७ नंतर दरवाजा बंद होईल. पण तोवर थांबू नका. जानेवारी २०२७ मध्येच उतारा काढा, मानक निधीच्या तुलनेत कुठे आहात ते कार्यालयाकडून लेखी घ्या, तूट असेल तर भरायला किती लागेल ते पाहा आणि त्याच आठवड्यात वार्षिकी देणाऱ्या दोन-तीन विमा कंपन्यांकडून तुमच्या निधीवर महिन्याला किती मिळेल याचे आकडे मागवा. मग यूपीएसची पेन्शन, जोडीदाराची पेन्शन, एनपीएसची वार्षिकी आणि वारसांना परत मिळणारी रक्कम, असे चार आकडे एका पानावर येतील. निर्णय फेब्रुवारी-मार्चपर्यंत घ्या, अर्ज एप्रिलमध्ये द्या, म्हणजे शाखेत एखादा कागद परत आला तरी मेचा महिना हाताशी राहतो.